मीन या शब्दाची प्रुफं

घरात अबोला होता, पण प्रुफांना तो लागू नव्हता. असा काही ठराव दोघांत झाला नव्हता, आपोआप तसं पडून गेलं होतं. जेवताना ताट सरकवलं जाई, चहाचा कप समोर टेकवला जाई, दिवा कुणी मालवायचा हेही न बोलता ठरे. दुपारी टेबल पुसून झालं आणि प्रुफांचा गठ्ठा मधोमध आला, की मात्र संपादक घसा खाकरून वाचायला लागत आणि समोर बसलेली बायको मध्येच म्हणे, "तिथे स्वल्पविराम आहे," किंवा "वेलांटी पहिली." बस्स. भांडण झाल्यापासून त्या घरात माणसांचा म्हणून जो आवाज झाला, तो एवढाच.

आज दारापाशी बॅग भरून ठेवलेली होती. संध्याकाळी गाडी येणार होती आणि बायको बहिणीकडे राहायला जाणार होती. चार दिवस हवापालट म्हणून नव्हे, कायमची. बहीण एकटी होती, तिच्याकडे एक खोली रिकामी होती, दोघींचं फोनवर सगळं ठरलं होतं. संपादकांना ते भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं. त्यांना बायको जायला नको होती, अगदी पोटातून नको होती. पण हे तिला कसं सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सुचवून घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

"हातातला गठ्ठा संपवून जाईन," ती सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाली होती. "अर्धं काम टाकून जायची सवय नाही मला."

आता हे काम काय होतं, ते सांगायला हवं. संपादक एका मोठ्या कोशाच्या कचेरीत होते. इंग्रजी शब्द घ्यायचा, तो कुठून आला ते खणून काढायचं, त्याचे जितके अर्थ होतील तितके क्रमांक घालून आपल्या भाषेत मांडायचे, आणि प्रत्येक अर्थाखाली एक वाक्य नमुन्याला द्यायचं. कोश ए पासून सुरू झाला तेव्हा संपादकांचे केस काळेभोर होते. आता काम एम पर्यंत आलं होतं. घरातली सालंसुद्धा अक्षरांनी मोजली जात. लग्न सी मध्ये झालं, मुलगा डी संपता संपता झाला, आणि तो परदेशी गेला तेव्हा एच चालू होतं. एस नावाचं आडदांड अक्षर अजून पुढे उभं होतं. त्याची आठवण झाली की संपादकांना बसल्या जागी जांभई येई.

बायको मूळची छापखान्यातली. मुद्रितशोधक म्हणून तिचा दरारा होता. लग्नानंतर कचेरीने तिलाच बाहेरची वाचक नेमलं, आणि मग ही दुपारची बैठक घरच्या टेबलावर सुरू झाली. संपादकांनी छापील प्रूफ मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट. बायकोने त्यांच्या हस्ताक्षरातल्या मूळ प्रतीवरून बोट फिरवत ऐकायचं आणि फरक पडला की टोकायचं. या कामाचा एक कडक नियम होता. वाचकाने छपाईच्या चुका धरायच्या, मजकुराच्या नाही. संपादकाने पृथ्वी चौकोनी आहे असं लिहिलं असेल, तर चौकोनी मधली वेलांटी बरोबर आहे ना, एवढंच बघायचं. बायकोने हा नियम इतकी वर्षं इमानेइतबारे पाळला.

आणि मजकुरात तर तीच होती.

ते असं झालं. नमुन्याच्या वाक्यांत कुणाचं नाव घालायचं नाही, असा कचेरीचा दंडक. 'तो' किंवा 'ती' एवढंच. दिवसाकाठी इतकी वाक्यं कुठून आणायची? संपादकांनी सोपा रस्ता धरला आणि घरातून आणायला सुरुवात केली. कोशातली 'ती' म्हणजे त्यांची बायको, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरुण मंडळी चेष्टेने विचारत, "काय, वहिनींनी आज काय नवीन केलं?" संपादक हसत. त्यांना वाटे, हे एक प्रकारचं कौतुकच आहे. माणसाला आपली बायको इतकी आठवते, याहून काय पाहिजे!

बायकोला काय वाटतं, हे त्यांनी विचारलं नव्हतं. लग्नानंतर लगेचच, सी मध्ये, एक वाक्य आलं: 'तिने दूध पुन्हा करपवलं.' प्रुफं तपासताना बायकोने ते वाचलं, वाक्यातला अनुस्वार तपासला आणि पुढे गेली. मग ती छत्री विसरली, ती उशिरा आली, ती कारण नसताना रडली, तिला नकाशा कळला नाही. या साऱ्या काळात कोशातला 'तो' काय करत होता? 'त्याने नवा तारा शोधला.' 'त्याने संकटात डोकं शांत ठेवलं.' 'त्याचं म्हणणं सर्वांना पटलं.' आता संपादकांनी कधी तारा शोधल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही. घरात चष्मा शोधतानाही त्यांना दोन माणसं लागत.

भांडणाचा दिवस वेगळा नव्हता. बायको डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती, एकटीच. जेवताना ती म्हणाली, "अहो, मला हल्ली समोरचं धुरकट दिसतं. मधोमध धुकं बसल्यासारखं. मला भीती वाटते."

संपादकांनी मान वर केली. दिवसभर त्यांनी एम मधल्या धुक्याच्या आणि धूसरपणाच्या शब्दांशी झटापट केली होती. डोकं शिणलं होतं, एका अर्थाखाली वाक्य काही केल्या बसत नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला.

"वा!" ते म्हणाले. "हे फार चपखल बसेल. पुन्हा सांग बरं, मधोमध धुकं...?"

आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. त्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की ते त्या वेळी अर्धमेले होईपर्यंत दमले होते. पण त्यामुळे फारसं काही झाकलं जात नाही.

बायकोने हातातला घास ताटात ठेवला. आवाज चढवला नाही, भांडी आपटली नाहीत. म्हणाली, "मला या घराचा कंटाळा आलाय. मी बहिणीकडे जाणार." आणि उठली. अबोला तेव्हापासून.

आज एम चा हा गठ्ठा शेवटाला आला होता आणि त्यात 'मीन' होता, एम ई ए एन. वरकरणी चार अक्षरांचा साधा शब्द, पण आत बघावं तर एका छपराखाली तीन बिऱ्हाडं. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी आधीच बजावलं होतं, "मीन म्हणजे आपल्याकडे मासा. फार मीनमेख काढत बसू नका, गठ्ठा वेळेत पाठवा." संपादकांनी तरीही त्यावर पुष्कळ दिवस घातले होते. थकलेल्या माणसाला अजून एखाद्या गोष्टीचं अप्रूप वाटावं, तसं त्यांना या शब्दाचं वाटे.

त्यांनी पंख्याच्या वाऱ्याने उडणारा कागद हाताने दाबला आणि वाचायला घेतलं.

"मीन, एक. कंस, जुनी इंग्रजी, कंस पुरा. या मुळाचा अर्थ मनात असणं, म्हणायचं असणं, पूर्णविराम. मीन, दोन. हाही जुन्या इंग्रजीतला, स्वल्पविराम, पण मूळ निराळं. मूळ अर्थ सामाईक, स्वल्पविराम, सर्वांच्या मालकीचं. त्यावरून सामान्य, त्यावरून हलकं, त्यावरून क्षुद्र, आणि अखेर कंजूष, पूर्णविराम."

बायको ऐकत होती. तिचं बोट मूळ प्रतीवर होतं.

"सामाईक," ती म्हणाली.

"हो, सामाईक. काही चुकलंय का?"

"नाही. छपाई बरोबर आहे."

सामाईक शब्दाचा कंजूष कसा होत गेला, हे संपादकांनी स्वतःच खणून काढलं होतं. त्या पायऱ्या मांडताना त्यांना मोठा आनंद झाला होता. आता त्याच पायऱ्या या टेबलावर, या बाईसमोर मोठ्याने म्हणताना त्यांना कसंसंच झालं. ते घाईने पुढे सरकले.

"मीन, तीन. हा लॅटिनमधून फ्रेंच मार्गे आला, पूर्णविराम. अर्थ मधला, मध्यम, सरासरी. आता पहिल्या मुळाचे अर्थ सविस्तर." ते पाणी प्यायले. "अर्थ एक, नमुना: त्याला काय म्हणायचं आहे ते सर्वांना कळलं. अर्थ दोन, नमुना: या खुणेचा अर्थ धोका. अर्थ तीन, नमुना: हे घड्याळ त्याच्या दृष्टीने मोलाचं होतं. अर्थ चार, नमुना: तिला कुणाला दुखवायचं नव्हतं."

आणि त्यांची नजर पुढच्या ओळीवर गेली.

पाचवा अर्थ होता, बोललं ते मनापासून असणं. त्याखालचं वाक्य त्यांनी लिहिलं होतं भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, कचेरीत, डोळ्यांवर झोप असताना. हाताला जे सापडलं ते लिहून मोकळे झाले होते. या बायकोलाच ते ऐकायचं आहे, हे त्या वेळी त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. असली चूक करायला माणूस कोशवालाच लागतो. दुसरा नवरा भांडण विसरून जाईल, नाहीतर मित्राला सांगेल. हा पठ्ठ्या त्याला क्रमांक घालून छापायला देतो.

"अर्थ सहा," संपादक म्हणाले.

"ओळ सुटली," बायको म्हणाली.

"नाही, बरोबर आहे."

"चारनंतर सहा म्हणालात. पाच कुठाय? छापखान्याने गाळला असेल तर खूण करा."

छापखान्याने काही गाळलं नव्हतं, आणि तिला खोटं सांगून प्रुफावर खोटी खूण करणं हे त्यांच्या हातून झालं नसतं. इतकी वर्षं त्यांनी बाकी काही धड केलं नसेल, पण प्रुफात लबाडी केली नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"अर्थ पाच. नमुना. ती म्हणाली, स्वल्पविराम, मला या घराचा कंटाळा आलाय, स्वल्पविराम, आणि ते ती मनापासून म्हणाली. पूर्णविराम."

पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"छपाईची चूक नाही," बायको म्हणाली. "पुढे."

तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी कामाच्या आवाजात म्हणाली. संपादकांना तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ते तिच्या हाताकडे बघत राहिले. बोट कागदावर होतं, नेहमीसारखं, एका ओळीखाली सरळ धरलेलं. त्या ओळीत काय आहे, ते त्यांनी सवयीने उलटं वाचलं. स्वतःचंच हस्ताक्षर होतं. 'अंगावर पुरळ येऊन ताप येणारा सांसर्गिक रोग, गोवर.'

ते 'मीझल्स'चं पान होतं, मीन तिथे नव्हता. तो आधीच्या पानावर होता, आणि ते पान गठ्ठ्यात खाली गेलं होतं. बायको सगळा वेळ गोवरावर बोट ठेवून बसली होती.

"तुझं पान चुकलंय," ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "तुला दिसत नाहीये."

बायकोने बोट उचललं नाही. "कडेचं दिसतं. बघायला जावं ते अक्षर जातं."

"कधीपासून?"

"एल पासून."

"म्हणजे एल..." संपादक ताडकन उठले. "अगं, म्हणजे सगळं एल? सगळं न तपासता गेलं?"

बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. पण उशीर झाला होता. बायको हसली, आणि त्या हसण्यात राग नव्हता, नुसता शीण होता.

"बघा. आधी एल आठवलं तुम्हाला. घाबरू नका, मी कान देऊन ऐकलंय. चूक असली की तुमचा आवाज अडखळतो. पुष्कळशा धरल्या असतील."

"पण तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर कचेरीने दुसरा वाचक नेमला असता. मग तुम्ही त्याच्यासमोर वाचलं असतंत. या घरात तुम्ही माझ्याशी एवढंच बोलता हो. स्वल्पविराम, पूर्णविराम. तेही गेलं असतं. आणि शेवटी सांगितलं होतंच की मी, जेवताना. तुम्ही पेन्सिल काढलीत."

संपादक पुन्हा खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं बोलणं वेचून वेचून ठेवलं होतं, आणि त्यातलं धड एकही ऐकलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, सरळ आणि साधी लाज, लहानपणी सगळ्यांदेखत चोरी पकडली गेल्यावर वाटते तशी. त्यांनी प्रूफ बाजूला सारलं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आता विचारताय?"

"आता विचारतोय."

बायकोने सुस्कारा सोडला. "आतला पडदा झिजतोय म्हणाले. नेमका मधला. औषधाने वेग कमी होईल, गेलं ते परत यायचं नाही. अगदी अंधार होणार नाही. चालता येईल, भिंतीला धडकणार नाही. पण वाचणं जाईल. सुईत दोरा ओवणं जाईल. आणि समोरचा माणूस जाईल. म्हणजे माणूस असेल, त्याचा चेहरा दिसणार नाही. आत्ताच नाही दिसत. तुम्ही रोज इथे समोर बसता ना, तर मला तुमचे कान दिसतात, खांदे दिसतात. मध्ये काही नाही."

संपादकांचा हात आपोआप खिशाकडे गेला होता. कसं कोण जाणे, पण गेला होता. तो त्यांनी परत आणला आणि टेबलावर दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. बायकोला ते दिसलं की नाही, कळलं नाही.

"मी ते वाक्य काढतो," ते म्हणाले. "पाचवं. आत्ता काढतो."

"कशाला काढता?"

"कशाला म्हणजे? तसलं वाक्य छापायचं?"

"राहू दे ते. दूध एकदा करपलं होतं माझं, तुम्ही 'पुन्हा' लिहिलंत. छत्री तुम्ही विसरला होतात, नाव माझं. उगीच रडले म्हणून लिहिलंत, तेव्हा माझी आई जाऊन महिना झाला नव्हता. मी तोंडातून ब्र काढला नाही, कारण ती छपाईची चूक नव्हती. सगळ्या कोशात हे एकच वाक्य मी बोलले तसं आहे, आणि मी ते मनापासूनच बोलले होते. त्याला हात लावू नका."

"मग तू जाणारच."

"जाणार. दमले हो मी."

"मी पण दमलोय," संपादक म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. "अजून एस व्हायचंय, आणि मला एकसुद्धा शब्द बघवत नाही. तू समोर बसलेली असतेस म्हणून मी वाचतो. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. फार वाटतं."

बायकोने गोवरावरचं बोट उचललं. मग म्हणाली, "हे आधी म्हणायचं होतंत." आणि खालून गाडीचा भोंगा वाजला.

बॅग संपादकांनी उचलली. ती जड होती आणि जिना अरुंद. बायको एका हाताने कठडा धरून कडेकडेने उतरत होती. प्रत्येक पायरी तिने पावलाने चाचपलेली त्यांनी पाहिली. कधीपासून ती अशी उतरत असेल, ते त्यांना आठवेना. गाडीवाल्याने मागचं झाकण उघडून दिलं. बॅग ठेवून झाली, बायको मागच्या आसनावर बसली. गाडीवाल्याने विचारलं, "निघायचं?"

संपादक रस्त्यावर उभे होते. वर टेबलावर एम उघडा पडला होता, पंखा चालू होता, दार नुसतं लोटलेलं होतं. ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, तिकडचं दार उघडलं आणि आत बसले.

"तुम्ही कुठे निघालात?"

"तुला पोचवायला."

"पायात घरातल्या सपाता आहेत तुमच्या."

"असू दे."

"तिथे मी राहणार आहे, सांगून ठेवते. तुमच्याबरोबर परत येणार नाही."

"नको येऊस. मी येत जाईन. प्रुफं नाही आणणार."

गाडी सुरू झाली. बायकोने तोंड खिडकीकडे वळवलं आणि बाहेर बघत बसली. संपादकांना वाटलं, झालं, पुन्हा अबोला. त्यांनी डोळे मिटून डोकं मागे टेकवलं. घरं, दुकानं, सिग्नल मागे पडत गेले. ती मान तशीच खिडकीकडे धरून होती; संपादक आता तिच्या नजरेच्या कडेला होते.

"अहो," ती खिडकीकडे बघतच म्हणाली, "केस किती पिकलेत तुमचे."